शेवाळाचं दाताळं

अकोल्याच्या आमच्या शाळेत समुद्राचं दालन होतं. हसू नका. ज्या गावाला समुद्र बघायचा तर आगगाडीनं थेट मुंबई गाठावी लागे, तिथे हेडमास्तरांनी तीन काचेच्या कपाटांत समुद्र मांडला होता. शिंपले, गलबताची डोलकाठी मोडलेली प्रतिकृती आणि बरणीत वाळकं शेवाळ. हेडमास्तर मूळचे कोकणातले. आमच्या 'मले-तुले'ला नाक मुरडायचे, आणि त्या बरणीला हात जोडायचेच काय ते बाकी ठेवायचे.

शेवाळ कसं गोळा करतात ते दाखवायला एकही अवजार नव्हतं. त्यांनी मुलांना म्हटलं, घरी काही जुनंपानं असेल तर आणा. मी आमच्या आबाजींचं, म्हणजे आजोबांचं, लाकडी दाताळं नेलं. तरुणपणी आबाजी पूर्णेकाठच्या खारपाणात विहिरीचं खारं पाणी वाफ्यात आटवून मीठ काढायचे, ते या दाताळ्यानं ओढायचे. पुढे इंग्रज सरकारनं मिठाच्या करापायी त्या विहिरी बंद केल्या. हे सगळं मी हेडमास्तरांना नीट सांगितलं होतं.

आठवड्यानं कपाटात चिठ्ठी लागली : 'शेवाळ ओढण्याचे दाताळे. कोकण किनारा.' मी विचारलं तर म्हणाले, "सरकारी शाळेत मिठाची भानगड नको. आणि कोणाला कळतंय इथं?" वा रे विद्वान.

शाळेची तपासणी तोंडावर आली होती. आबाजींना सांगितलं तेव्हा ते भडकलेच. "मले वाचता येत नाई म्हून काईबी लिवतीन का? तो इन्स्पेक्टर सायेब आला का तू सांगजो त्याले, हे मिठाचं दातायं हाये. तुले त बोलता येते."

तपासणीच्या दिवशी ते धुतलेलं पागोटं बांधून आले आणि दालनाच्या दाराशी उभे राहिले. साहेबानं नेमकं दाताळ्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हे काय?" हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. आबाजीही.

"शेवाळ ओढण्याचं दाताळं, साहेब. कोकणातलं."

आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. मी 'ळ' असा ठणठणीत काढला की हेडमास्तरांचा चेहरा खुलला. साहेबानं शाब्बासकी दिली. हेडमास्तरांना आणि साहेबाला मी आजवर शिव्या देत आलो, पण भित्रा मीच होतो.

घरी जाताना आबाजी पुढं चालत होते. शेवटी मीच विचारलं, "आबाजी, रागावले का?"

"नाई," ते म्हणाले. "तू शिकला बापा. चांगला शिकला."