हौशीरामच्या पेटीत राहिलेला क्लॅम्प

हे भीमाशंकरा, डोंगरमाथ्यावर बसून तू पाण्याला वाट देतोस. ते कुणाच्या ओंजळीत पोहोचले आणि कुणाच्या नाही, हेही तूच पाहतोस. तुझ्या पायी माथा ठेवून तुझ्याच एका चाकराची गोष्ट सांगतो. शिनोलीचा हौशीराम, हापसे दुरुस्त करणारा.

बावीस वर्षे आंबेगावच्या डोंगरवाड्यांचे हापसे त्याच्याच हाताने चालले. निरोप आला की "येतो म्हणलं ना!" म्हणायचा आणि चौथ्या दिवशी उगवायचा. मनाने वाईट नाही हो. माणूस एक, हापसे चाळीस. पण बोअरमधला पाइप वर ओढताना त्याला पकडून धरणारा लोखंडी क्लॅम्प त्याच्याच पेटीत, आणि पेटीला कुलूप. तो येईतो हापसा बंदच.

या उन्हाळ्यात एका सेवामंडळाने त्याला आफ्रिकेत, मलावी देशातल्या एका खेड्यात नेले. हापसे तिथेही आपल्यासारखेच. तीन आठवडे त्याने चिसोमो नावाच्या बाईला आणि तिच्या चार सोबतिणींना पाइप ओढायला शिकवले. मंडळाने नेलेला नवा क्लॅम्प तिच्या हाती सोपवायचा, असे ठरले होते. निघायच्या दिवशी बायका गात राहिल्या, गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला, आणि हौशीरामने जुन्या सवयीने सारी हत्यारे पेटीत भरली, कुलूप लावले.

घरी पेटी उघडली. वर तोच क्लॅम्प!

त्याला घास उतरेना. "पाइप निसटला तर बोअरात जाईल गं," तो बायकोला, प्रतिभाला म्हणाला. "मग समदं गाव डबक्यावर जाईल. ते पानी मी पाह्यलंय."

मंडळ म्हणाले, कुरिअरने पाठवू, महिना लागेल.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीची म्हातारी झुंबरबाई दारात उभी राहिली. "विमानानं आफ्रिकेला जाऊन आलास म्हनं. आमची वाडी त्याहून लांब का रं, हौशा? पाच दिस हापसा बंद हाय."

असले टोमणे तो हसण्यावारी नेई. आज हसू आले नाही. बावीस वर्षांत कधी विचारले नव्हते ते त्याने विचारले, "आत्या, मग पानी कुठनं आनता?"

"खालच्या झऱ्यावरनं. सुनंला आठवा महिना हाय, ती बी येती."

त्याची नजर पेटीच्या कुलपाकडे गेली. तिकडे एकदा चुकून झाले, ते इकडे आपण वर्षानुवर्षे करीत आलो!

त्याच दुपारी तो वाडीवर चढला. पाइपाला मात्र स्वतः हात लावला नाही. "तुमी धरा," तो झुंबरबाईला आणि जमलेल्या बायकांना म्हणाला.

"मोडलं तर?"

"मोडलं तर मला शिव्या द्या. पर शिका."

"त्या तर आमी रोजच देतो," झुंबरबाई म्हणाली आणि पदर खोचून पुढे झाली. पुढल्या आठवड्यात आळेफाट्याच्या लेथवाल्याने घडवलेला नवा क्लॅम्प तिच्या पडवीत आला. त्याला कुलूप नाही.

मलावीचा क्लॅम्प मात्र वाटेवरच. हौशीराम रोज मंडळाला फोन लावी. प्रतिभा म्हणे, "माझ्या बाळंतपनात एवढं फोन केलं न्हाईत तुमी!" मग तिचीच नजर त्याच्या फोनकडे जाई.

काल कळले, तिथला हापसा जड चालतो आहे, पाइप लवकरच वर ओढावा लागणार. पार्सल तिथल्या तालुक्याला पोहोचले आहे. चिसोमो ते आणायला पहाटेच सायकलवर निघाली आहे. त्यानंतर निरोप नाही. हौशीराम उंबऱ्यावर बसून आहे.

देवा, तिच्या सायकलचे चाक शाबूत राख. या उंबऱ्यावर सुखाचा निरोप येऊ दे, हौशीरामच्या घासाला चव येऊ दे, प्रतिभाचा माठ भरलेला राहू दे. आणि या घराचे दार, पेटी, हात, सारे असेच उघडे राहू दे.