निंबोल्याचं सारवलेलं टेकाड

बुऱ्हाणपूरला जाऊन जलेबी आणि किल्ला सोडून मातीचं टेकाड बघायला जाणारी मी बहुधा पहिलीच. निंबोल्याजवळच्या एका शेतात बांध नीट करताना टेकाड उभं कापलं गेलं, आणि आत ताम्रपाषाण काळातली घरं व धान्य साठवायचे खड्डे, म्हणजे पेवं दिसली. शेतमालकीण विमलकाकूंच्या मुलाने एक धूसर फोटो पाठवला होता. सगळ्या घरांची पेवं सारखीच, की एकाच घराचं भलंमोठं? शेती आल्यावर गावात लहानमोठं कधी सुरू झालं, ते यावरून कळतं. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या कापावर अडकलं होतं, म्हणून मिळेल त्या गाडीने पुण्याहून निघाले.

मावा जलेबी जरूर खा, पण रिक्षा ठरवल्यावर. हातात पुडा दिसला की भाडं चढतं. माझ्या रिक्षावाल्याचा वेगळाच हट्ट होता. "मॅडम, मिट्टी का ढेर क्या देखना? असीरगढ चलो, फोटो अच्छे आते हैं." निंबोल्याचा फाटा मागे टाकून त्याने सरळ किल्ल्याचा रस्ता धरला. परत फिरायला लावलं, तर माझ्यावरच चिडला.

केळीच्या बागेपलीकडे टेकाड होतं. कापलेली भिंत ओली, हिरवट, गुळगुळीत. खाली रांगोळी.

"काकू, हे काय केलं?"

"तुमी पुन्याहून येनार, अन् अशी उघडी भिंत दाखवनार थोडी!" काकू खुशीत होत्या. "सूनबाईनं अन् मी भोकं बुजवली, शेनानं सारवलं. आता दिसते ना घरासारखी?"

भोकं म्हणजे माझी पेवं! कपाळावर हात मारला. ओरडणार होते, पण समोर वरण-बट्टीचं ताट आलं. बट्टीवर तूप ओतणाऱ्या बाईवर ओरडता येत नाही.

जेवून गवंड्याच्या करणीने शेण खरवडायला बसले. शेणाचं पाणी आत मुरलं होतं. दोन लहान पेवं हाती लागली. फोटोत मोठं वाटलेल्या तिसऱ्याचा काठ चिखल होऊन खाली आला. मला रडूच फुटलं. काकू घाबरून शेजारी बसल्या आणि पेवांच्या वर, कापात दिसणाऱ्या त्या जुन्या घरांच्या जमिनीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "हे बी सारवलेलंच दिसते की. थरावर थर! यांच्याकडे लई पाहुने येत असतील."

असं प्रबंधात लिहिता येत नाही. अशा जागी जाणार असाल तर आधी फोन करून बजावा: मला पाहुणी समजू नका.

घरी येऊन कापाचं चित्र काढलं. मोठ्या पेवाच्या जागी प्रश्नचिन्ह आहे आणि प्रकरण लंगडंच राहणार, याचा राग अजून गेलेला नाही. चित्रात सगळ्यात बाहेर ताज्या शेणाचा थरही दाखवावा लागला. कोणी सारवलं आणि कोणासाठी, हे खात्रीने सांगता येईल असा त्या भिंतीतला तो एकच थर आहे.