नकाशाच्या पाठीमागचा रस्ता

"ते जुनं पुस्तक अजून आहे का गं, आई?" लेकीनं न्यूझीलंडहून फोनवर विचारलं. तिथल्या संग्रहालयात तिच्या ओळखीच्या एक बाई आहेत. असं पुस्तक नकाशासकट आता फार दुर्मिळ झालंय, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

"आहे की," मी म्हणाले. "जाळायचं राहून गेलं."

उगाच नव्हते बोलले. त्या पुस्तकानंच माझं घर रिकामं केलं, असं मी वर्षानुवर्षं धरून बसले होते.

माझे मालक उमरीच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निजामाच्या काळातल्या कुणा अंमलदाराच्या घरची पुस्तकं नांदेडला रद्दीत आली होती, त्यात त्यांना हे मिळालं. दीडशे वर्षांपूर्वी विलायत सोडून न्यूझीलंडला कायमचं राहायला जाणाऱ्या साध्या माणसांसाठी कुणीतरी ते लिहिलं होतं. सोबत सदरे किती घ्यावेत, बोटीवर मळमळलं तर काय करावं, तिकडं जमीन कशी मिळते, सगळं त्यात होतं. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात घडीचा नकाशा. शाळेतून आले की हे लेकीला मांडीवर घ्यायचे आणि तिचं बोट धरून बोटीच्या वाटेवरून फिरवायचे. मी भाकरी थापता थापता ऐकायची.

एकदा मी विचारलं, "आन् परत कसं यायचं?"

"परत यायचं ह्यात दिलंच न्हाई," ते हसून म्हणाले.

रोज उघडून नकाशा घडीवर फाटला. मग ह्यांनी शाळेच्या नकाशांना करायचे तेच त्याला केलं. मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घातलं आणि नकाशा पाठीमागून मांजरपाटावर चिकटवून टाकला. एवढी जुनी वस्तू, पण मास्तरला कुठलाही नकाशा म्हणजे वर्गात टांगायचाच वाटणार.

लेक लातूरला शिकली, इंजिनीअर झाली, लग्न झालं आणि दोघं गेली ती नेमकी न्यूझीलंडलाच. जगात दुसरा देशच उरला नव्हता जणू.

नागपंचमी जवळ आली की आमच्या गल्लीतले बाप मुऱ्हाळी होऊन लेकींना आणायला निघायचे. हे मात्र तो नकाशा आणि पेन्सिल घेऊन ओसरीवर, माझ्याकडं पाठ करून बसायचे. मला संताप यायचा. "बघा, बघा तुमचा नकाशा!" मी म्हणायची. "लोकं लेकी घेऊन आले, तुम्ही बोटी मोजून राहिले!" ते पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या दवाखान्यात ते शेवटचे दिवस मोजत होते. लेकीला येणं जमत नव्हतं. मी रडत रडत त्यांना म्हणाले, "तुम्हीच लावून दिलं तिला." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हाव, मीच." त्यानंतर आमचं धड बोलणं झालंच नाही.

तर आता मी पेटीतून पुस्तक काढलं आणि नकाशा उलगडून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला.

"अगं, बाबांनी कापड डकवलं की!" लेक कळवळली. "वाट लागली त्याची. पण भिजवून काढता येतं म्हणतात. मागची बाजू दाखव बरं."

मी नकाशा उलटा केला.

मांजरपाटावर पेन्सिलीनं रस्ता काढला होता, ह्यांच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात. लेकीचं गाव, तिथलं विमानतळ, सिंगापूर, मुंबई, मग रेल्वेनं नांदेड, उमरी. 'स्टेशनाबाहेर उजव्या हाताला, लिंबाखालून तिसरं घर.' लेकीनं तिकडं दोनदा गाव बदललं होतं. तीनही गावांतून निघालेल्या रेघा होत्या, जुन्या दोन खोडलेल्या. आणि सगळ्यात खाली, हात कापायला लागल्यावरचं अक्षर: 'मुऱ्हाळ्याला येववत नाही. तू ये.'

म्हणजे दर पंचमीला ते लेकीला आणायलाच निघत होते. आणि मी त्यांच्या पाठीला टोमणे मारत होते.

पलीकडं लेक हुंदके देत होती. "आई, ह्या पंचमीला मी..." एवढं म्हणाली आणि थांबली. पुढं पोरांची शाळा, रजा, तिकीट. मला पाठ आहे ते. मीच म्हणाले, "पुस्तक पाठवते मी. नकाशा न्हाई द्यायची. त्याला पाण्यात घालायचं न्हाई."

फोन ठेवला आणि त्यांची पेन्सिल शोधून काढली. आमच्या रस्त्यावरचा लिंब गेल्या वर्षी रुंदीकरणात तोडला. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. आली तर चुकेल. 'लिंबाखालून' खोडलं आणि वर लिहिलं, 'पाण्याच्या टाकीपासून.' मग त्यांच्या त्या शेवटच्या ओळीखाली, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'अहो, चुकलं माझं.'