जिलबीचा उपास

हे नवऱ्याला माहीत नाही, सईला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? काय की. आज सांगावंसं वाटलं, एवढंच.

आधी जिलबीबद्दल. जिलबी म्हणजे साप — दचकू नका, बिनविषारी. कॉर्न स्नेक म्हणतात इथे. केशरी, बुटाच्या लेसइतकी बारीक आणि सदा वेटोळं घालून बसलेली, म्हणून जिलबी. माझी मुलगी सई तेव्हा शाळेत होती. तिच्या भुणभुणीला कंटाळून आम्ही ते पिल्लू इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरी आणलं. नवरा त्या खोलीत पाऊल टाकत नसे.

इथे सापापुढे जिवंत उंदीर सोडत नाहीत. उंदराची गोठवलेली पिल्लं पेट शॉपमधून आणायची, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी. गरम पाण्यात ठेवून ऊब आणायची, लांब चिमट्यात धरून सापाच्या तोंडापुढे हळूच हलवायची, म्हणजे त्याला ते जिवंत वाटतं. पण जिलबी आल्यापासून तोंडच लावेना. सई पुन्हा पुन्हा बसायची, पुन्हा पुन्हा ही मान फिरवायची. एवढासा जीव किती तग धरणार?

त्यात ऑगस्टमध्ये सई वेल्सला समर कॅम्पला निघाली. 'मम्मा, तू ट्राय करत राहशील ना? प्रॉमिस? तू तर डॉक्टर आहे.' मी म्हटलं, निर्धास्त जा.

डॉक्टर! रोज रक्त बघते मी. कॅन्टीनमध्ये चिकन खाते. पण फ्रीजरमधली ती पिशवी उघडली, ते मिटलेले इवले डोळे दिसले — पिशवी परत आत, दार बंद. दुसऱ्यांदाही तेच. नंतर मी उघडलीच नाही. त्याच आठवड्यात नागपंचमी होती. मी पाटावर गंधाने नाग काढला, दूध-लाह्या ठेवल्या, हात जोडले. वरच्या खोलीत खरा नाग उपाशी होता.

सईचा फोन आला. खाल्लं का तिने? घाबरले गं, जमलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. इतकं का जड होतं ते? पण मुलीने माझ्यावर टाकलेला तो विश्वास — तो मला हवा होता. सासूबाई — मी त्यांना आईच म्हणते — सांगलीहून आल्या होत्या, श्रावण चालू होता. माझ्या तोंडून निघून गेलं, 'अगं, आजींना चालत नाही ना श्रावणात. नको म्हणाल्या.'

आई नको म्हणाल्या नव्हत्या. एका शब्दाने नाही.

सई परत आली तेव्हा जिलबीच्या अंगावर सुरकुत्या पडल्या होत्या. पोरगी रडली. आजीचा शब्द म्हणून तिने पिशवीला हात लावला नाही, पण आजीशी बोलेनाशी झाली. आजीच्या कुशीत शिरून मोडकंतोडकं मराठी बोलणारी मुलगी जेवणाच्या टेबलावर आजीकडे बघेना. आई बिचाऱ्या मला विचारायच्या, काय बिनसलंय हिचं? मी म्हणायचे, वय आहे. सांगा, याला काय म्हणायचं?

शेवटी एका सकाळी स्वयंपाकघरात सईनेच विषयाला तोंड फोडलं. 'आजी, तू का नको म्हणाला? ती मरेल ना आता!'

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याकडे तोंड करून साबुदाण्याची कढई घासत होते. स्वच्छ कढई, घासतच होते. त्यांना कळलं. एक वाक्य बोलल्या असत्या तर मी संपले असते.

'चुकलंच बाळा माझं,' आई म्हणाल्या. 'मुक्या जिवाला कसला आलाय श्रावण? चल, कुठाय तुझा चिमटा?'

जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई. पदर खोचून सापाच्या पेटीपुढे बसली. सईने पिल्लू कोमट करून दिलं. आईंनी ते चिमट्यात धरलं आणि तोंड न उघडणाऱ्या बाळाला घास भरवावा तशा बसून राहिल्या — जरा पुढे, जरा मागे, हात भरून आला तरी. आणि मग, 'अगंबाई! घेतलं गं घेतलं!' सई त्यांच्या गळ्यात पडली. मी दारात उभी होते.

नंतर आंघोळ करून आल्या. मी पाया पडायला वाकले, तर खांद्याला धरून उठवलं. 'माझ्यावर रुसली तर चालतं गं. मी काय, चार दिवसांची पाहुणी. तुझ्यावर रुसून ती परदेशात जाईल कुठे?'

आई, तुमचे उपकार कसे सांगू? मला माझी मुलगी तुम्ही दिलीत, माझ्याच खोटेपणातून सोडवून. रोज देवापुढे दिवा लावताना आधी तुम्ही आठवता.

सई आता साउथहॅम्प्टनला शिकते. जिलबी तिच्याजवळच असते, मनगटाएवढी जाड झालीय, चिमटा दिसला की झेप घेते. परवा सईने मैत्रिणींना घरी आणलं होतं. माझ्या गळ्यात हात टाकून त्यांना सांगत होती — माझी आजी फार ऑर्थोडॉक्स, उंदीर घरात नको म्हणायची, पण मम्माने तिला समजावलं. म्हणून जिलबी वाचली. थँक यू, मम्मा.

मी हसले. म्हटलं, 'अगं, त्यात काय!'