गव्हर्नरची आई पहिल्या रांगेत

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अमेरिकेतल्या एका राज्याचा गव्हर्नर आहे. म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी निवडून दिलेला. हे मी मिरवायला सांगत नाही. मिरवायची माझी हौस चांदवडकडे चांगलीच फिटली.

ताईचा नवरा तिकडेच वारला, मुलगा शाळेत असताना. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भांडी घासून तिने त्याला वकील केलं. पुढे तो नगरसेवक झाला, गव्हर्नरच्या निवडणुकीत एकदा आपटला, मग निवडून आला. प्रत्येक प्रचारात गोष्ट एकच: "साबणाने सोललेले माझ्या आईचे हात." सभेत लोक डोळे पुसायचे. इकडे इंदिरानगरात माझ्या घरी बसून मोबाइलवर मीही पुसलेत, खोटं कशाला बोलू?

व्यापाराच्या बोलण्यांसाठी तो मुंबईला आला, सोबत ताई. चांदवडजवळच्या आमच्या माहेरच्या गावाने लगेच सत्कार ठरवला. ढोल-ताशे, फेटा, चौकाचौकांत फ्लेक्स. मंडपात औक्षणाचं ताट आलेलं पाहून ताई उठली, पदर सावरला. तेवढ्यात आमच्या चुलतभावाचा मुलगा माझ्या कानाशी आला. सत्कार समितीचा अध्यक्ष तोच.

"आत्या, मोठ्या आत्यांना हितंच बसू द्या. ओवाळायला सवाष्णी सांगितल्यात. लोकं नावं ठेवतील."

विधवेने ओवाळायचं नाही! जिच्यामुळे हा सगळा थाट, तिचाच हात अशुभ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक स्टेजवर जाऊन मी भाच्याला सगळं सांगितलं. त्याला मराठी उत्तम कळतं.

"मावशी, इथली पद्धत आहे. मी पाहुणा. कॅमेरे आहेत सगळीकडे," तो समोर बघून हसतच म्हणाला.

ओळखदेख नसलेल्या बायकांनी त्याला ओवाळलं. ताई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी नाही वाजवल्या. गावाचा संताप आलाच, पण गावाला निदान आपण काय करतोय ते कळत नव्हतं. ह्याला सगळं कळत होतं.

तो परत गेला, ताई काही महिने माझ्याकडे राहिली. एका दुपारी तिने त्याच्या नव्या प्रचारातलं भाषण मला दाखवलं. तो सांगत होता, "माझ्या आईने तिच्या गावात सगळ्यांसमोर मला ओवाळलं. एका विधवेसाठी त्या गावाने जुनी रूढी मोडली." समोरची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

"किती छान बोलतो गं," ताई म्हणाली.

"ताई, तू ओवाळलंस त्याला?"

"नाही गं. पण मी ओवाळावं असं त्याला वाटलं असेल ना?"

"वाटलं असतं तर त्याने तुला स्टेजवर बोलावलं असतं!" मी ओरडलेच.

तिने ते भाषण पुन्हा पहिल्यापासून लावलं.