रेकॉर्डमधला आकारामचा श्वास

सयाजी मास्तरांच्या बँडाची पहिली रेकॉर्ड निघाली त्याला सात-आठ वर्षं झाली होती. कराडपासून विट्यापर्यंत कुठेही मांडव पडला की कर्ण्यावर ती आधी लागायची, आणि तिची सुरुवात आकारामच्या क्लॅरिनेटनं व्हायची. एकट्याचा लांब सूर, मग एक श्वास, मग सगळा बँड. त्याची बायको साळूबाई दळण घेऊन निघालेली असली तरी तेवढा सूर संपेपर्यंत वाटेत थांबायची.

आता सत्त्याहत्तर साल उजाडलं होतं. आकारामचे वरचे दोन दात हलत होते, लग्नसराई सरता सरता पाठ धरायची. तरी दुसरी रेकॉर्ड ठरली तेव्हा त्यानं क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची नवी पत्ती आणवून ठेवली. ती सुरुवात एवढीच त्याची म्हणावी अशी चीज होती.

मास्तर पलटणीच्या बँडात नोकरी करून आलेले. आडून बोलणं त्यांना जमत नसे.

"आकाराम, ह्या बारीला इलेक्ट्रिक वाद्य घ्यायचं हाय. लोकास्नी तेच पायजे. तुजी सुरुवात ऑर्गनवर जाईल."

"आन मी?"

"तू हायसच की बँडात."

सांगलीत हळदीचं एक रिकामं गोदाम मिळालं होतं. भिंतींना बारदानं टांगून रेकॉर्ड कंपनीच्या लोकांनी आपलं यंत्र मांडलं. ऑर्केस्ट्रात वाजवणारा भाऊसो इलेक्ट्रिक ऑर्गन घेऊन बसला आणि एका बोटानं त्यानं तो लांब सूर धरला. सूर कुठेही न हलता सरळ गेला. आकाराम बारदानाला टेकून ऐकत होता. नावं ठेवायला त्याला काही सापडलं नाही.

पण सूर संपला आणि बँड एकत्र उठेना. ट्रंपेट आधी, ढोल मागून. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मास्तरांच्या हातातली काठीही उपयोगी पडली नाही.

"काय पावणं, वरातीत बी असंच सांडता व्हय?" भाऊसोनं विचारलं.

ढोलवाला गुंडा घाम पुसत म्हणाला, "वरातीत आकाराम म्होरं असतो. त्येचं खांदं वर गेलं की आमचं हात चालत्यात. तुज्या पेटीला खांदंच न्हाईत, गड्या. बघायचं कुटं?"

मास्तरांनी आकारामला पुढे बोलावलं. त्यानं घाईघाईनं पत्ती ओठांत धरून ओली केली.

"वाजवू नगंस," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "ऑर्गन थांबला की नुसता श्वास घे. खांदं दिसू देत."

दिवसभर तो श्वास घेत राहिला. छातीत भरलेल्या हवेला नळीतून जायची सवय. आता ती नाकातून, आवाज न करता, थोडी थोडी सोडावी लागत होती. घशात हळदीची धूळ बसली होती. वीज गेली की बाकीचे चहाला जात आणि तो पायरीवर बसून राही. वराती वाजवून तो कधी इतका थकला नव्हता.

शेवटच्या खेपेला छाती भरली, पत्ती ओठांवर होती, बोटं आपापल्या जागी आपसूक गेली होती. एक फुंकर पुरे होती. समोर सगळा बँड एकदम उठला. त्यानं बोटं सैल सोडली.

रेकॉर्ड आली तेव्हा कर्णेवाल्या कोंडीबाच्या दुकानात दोघं नवराबायको ऐकायला गेली. साळूबाई पदर सावरून उंबऱ्याशी बसली. गाणं अर्धं झालं तरी ती वाट बघत होती.

"आवं, ह्यात तुमी कवा येतासा?"

आकारामनं कोंडीबाला सुई मागे घ्यायला सांगितली. ऑर्गनचा सूर गेला, बारीकसा खंड पडला.

"हितं," तो म्हणाला.

"हितं तर काय बी न्हाई."

"हितं श्वास घेतलाय म्या."

कोंडीबानं पुन्हा लावलं. या वेळी साळूबाईनं रेकॉर्डकडे बघितलंच नाही. सूर थांबला तसे आकारामचे खांदे वर गेले, गळ्याची शीर ताणली, आणि बँड सुरू झाल्यावर खांदे हळूहळू खाली आले. त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"आनि एकदा लावू का वैनी?" कोंडीबानं विचारलं.

"नगं," ती उठत म्हणाली. "त्यास्नी लय दम लागतोय."