येतो म्हणून जायचं

आमच्या व्याह्यांइतकं मनापासून हरणं साऱ्या इंग्लंडात कुणाला जमत नसेल. हरतो त्यांचा संघ, आणि तोही बेसबॉलमध्ये. ह्या देशात कुत्रं फिरवायला आलेली माणसंसुद्धा त्या खेळाकडे थांबून बघत नाहीत. पण लीड्समधल्या त्या उतरत्या मैदानावरून रविवारी संध्याकाळी परतताना व्याह्यांचा चेहरा असा असायचा, की समोरून येणाऱ्याने नकळत डोक्यावरची टोपी काढावी.

माझ्या सुनेचे हे वडील. तरुणपणी पुण्याहून इथल्या इस्पितळात रक्त तपासायच्या नोकरीला आले आणि इथलेच झाले. माझ्या मुलाचं लग्न ठरवायला बसलो, तेव्हा गुरुजींनी पंचांग उघडलं आणि व्याह्यांनी खिशातून संघाच्या सामन्यांचं वेळापत्रक काढलं. गुरुजी म्हणाले, "हा रविवार उत्तम आहे." हे म्हणाले, "उत्तम असेल हो, पण त्या दिवशी घरच्या मैदानावर मॅच आहे. दुसरा काढा." सून रडकुंडीला आली. "बाबा, माझं लग्न आहे!" "अगं, तुझं लग्न होणारच आहे. आमचं जिंकणं कधी होईल ते सांगता येत नाही." शेवटी लग्न गुरुवारी लागलं आणि रजा न मिळाल्यामुळे निम्मे पाहुणे आलेच नाहीत. उरलेल्या जेवणाचे डबे व्याह्यांनी रविवारी मैदानावर नेले. जिलब्या खाऊन संघ इतका सुस्तावला, की नेहमीपेक्षाही लवकर हरला.

पुढे मी मुलाकडे लीड्सला राहायला आले. मला माणसांत बोलायची फार भीती. समोरची बाई हॅलो म्हणाली, तरी मी पडद्याआड व्हायची. सून म्हणाली, "आई, बाबांबरोबर मैदानावर जात जा. तेवढीच मोकळी हवा." गेले, आणि तिथं माझं बरं चाललं, कारण सगळ्यांच्या वाटचं व्याही एकटेच बोलत. घडीची खुर्ची, छत्री, चहाचा फ्लास्क आणि माझी थालीपिठं घेऊन ते कडेला बसत आणि पंचावर मराठीतून तुटून पडत. "अहो, घरी चष्मा विसरलात की डोळे?" इतक्या वर्षांत त्या पंचाला मराठीतला एकच शब्द कळू लागला होता. "अहो" ऐकू आलं की तो पाठ फिरवायचा.

खेळ त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावला. "विहीणबाई, सोपं आहे. ती जमिनीवरची पांढरी फळी म्हणजे घर. चेंडू मारून घरून निघायचं, वाटेत तीन मुक्काम आहेत ते गाठायचे आणि परत घरी यायचं. घरी आला तर एक धाव. लांबच लांब गेला आणि घरी आलाच नाही, तर गेला काय नि न गेला काय, सारखंच." आणि म्हणूनच त्यांचा एक नियम होता. खेळायला निघालेल्या माणसाने आधी ह्यांच्या खुर्चीसमोर येऊन "येतो" म्हणायचं. "जातो" म्हणून घराबाहेर पडू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, ते ह्यांनी गोऱ्यांना शिकवलं. दारासारखा रुंद, दाढीवाला पोस्टमन होता. तोही बॅट खांद्यावर टाकून यायचा आणि मान लववून म्हणायचा, "येटो." हे हात वर करून म्हणायचे, "या!" एकदा एक नवखा हसला आणि न सांगताच गेला. पहिलाच चेंडू त्याच्या गुडघ्यावर बसला. तेव्हापासून कधीमधी समोरच्या संघातलेही गुपचूप येऊन "येटो" म्हणून जात.

सारखं हरणाऱ्यांवर एवढा जीव का, असं मी एकदा धीर करून विचारलं. थालीपीठ खाता खाता म्हणाले, "नवा नवा आलो होतो. रविवार खायला उठायचा. ह्या पार्कात भटकत होतो, तर ह्यांना एक माणूस कमी पडत होता. मला धरून पार लांब उभं केलं. दुपारभर उभा राहिलो, चेंडू एकदाही माझ्याकडे आला नाही. पण जाताना कप्तान म्हणाला, पुढच्या रविवारी ये. विहीणबाई, ह्या देशात मला 'ये' म्हणणारा तो पहिला माणूस."

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने, म्हणजे सुनेच्या भावाने, त्यांना पार खाली लंडनकडे, मेडनहेडला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. गुडघे गेले होते, घरात एकटेच होते, मुलाचंही बरोबरच होतं. व्याह्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "जायच्या आधी एकदा जिंकताना बघू दे." संघ सबंध मोसमात एकही सामना जिंकला नव्हता. शेवटच्या सामन्याला पाऊस भुरभुरत होता. बरोबरी झाली होती आणि पोस्टमन तिसऱ्या मुक्कामावर उभा होता. तो घरी आला की जिंकलो. चेंडू उडाला, पोस्टमन धावत सुटला, आणि मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहून ओरडले, "या! अहो, पळा, या!" सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. व्याहीसुद्धा. पोस्टमन फळीपासून हातभर अंतरावर चिखलात आडवा झाला आणि बाद झाला.

"आला का घरी?" व्याह्यांनी विचारलं.

"नाही आला, भाऊ. तुम्ही पाहिलं नाहीत?"

"मी तुमच्याकडे बघत होतो. विहीणबाई, तुम्हाला आवाज आहे!"

मग जादाचा डाव झाला, त्यात हरलो. येताना ते एवढंच म्हणाले, "दारापर्यंत आला होता हो."

त्यांना न्यायला गाडी आली, तेव्हा संघ निरोप द्यायला दारात उभा होता. जन्मभर दुसऱ्यांकडून "येतो" म्हणवून घेणारा हा माणूस काही न बोलता गाडीत बसला आणि गेला. घडीची खुर्ची तेवढी माझ्या हातात दिली होती. ते न बोलणं मला हिवाळाभर टोचत राहिलं.

वसंतात खेळ सुरू झाला, तशी मी एकटीच खुर्ची घेऊन गेले. पोस्टमन समोर येऊन उभा राहिला. "येटो." मी थालीपिठांचा डबा उघडला, परत लावला. तो जागचा हलेना. पंच खोळंबला. शेवटी म्हटलं, "या."

आता रविवारी संध्याकाळी मेडनहेडहून फोन येतो. "आज किती जण घरी आले?"

"दोघं, भाऊ. समोरचे पुष्कळ आले."

मग ते फोन ठेवत नाहीत. मी धरून बसते.

परवा म्हणाले, "खुर्ची ओलीच मिटून ठेवू नका हं, कापड कुजतं."

"नाही ठेवत."

"बरं. येतो, विहीणबाई."

"या," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.